लवंग एक रात्र, दालचिनी चार दिवस

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात दारूचा कच्चा माल पिकतो, पण दारूला इथल्या मसाल्याच्या डब्याची ओळख कधी झाली नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी इथे कारखाने उभे राहिले. साखर काढून झाल्यावर मळी उरते, मळी आंबवून स्पिरिट निघतं आणि असल्या स्पिरिटातूनच आपल्या देशातली बरीचशी रम तयार होते. एवढं सगळं दाराशी असताना पिणारा माणूस करतो काय? बाटली आणतो, कोलात बुडवतो आणि सोबतीला खारे दाणे घेतो. त्याच घरात दगडफूल, जावित्री, मसाला वेलची असते, मोरीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा असतो, लिंबाचं झाड असतं. त्यांचा उपयोग चहा आणि मटणापलीकडे जात नाही.

दुकानातून सीलबंद आणलेल्या साध्या दारूत मसाला किंवा पाला मुरवून तिला स्वाद कसा आणायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. यात काही आंबवायचं नाही आणि भट्टी तर मुळीच लावायची नाही. आणखी एक गोष्ट. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता आहे आणि बेलवाडीचं रिंगण इथलंच. इथल्या कितीतरी घरांत गळ्यात माळ आहे. त्या घरांसाठी हा लेख नाही. जो पीत नाही त्याने वेलचीच्या वासाला भुलून सुरुवात करावी, असंही मी म्हणणार नाही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे परवाने मिळतात, आणि रम-व्होडकासारख्या दारूसाठी वय २५ पूर्ण असावं लागतं. या कायद्यात ‘निर्मिती’ची व्याख्या बरीच रुंद आहे, दारू तयार करणं आणि मिसळणं दोन्ही तिच्यात येतं. म्हणून हा उद्योग एका क्वार्टरचा, फार तर हाफचा, आणि स्वतःच्या पेल्यापुरता ठेवा. ढाब्यावर ‘घरची स्पेशल’ म्हणून विकणं हा सरळ गुन्हा आहे, आणि लग्नाच्या मांडवामागे वाटणंही नको. मनात शंका असेल तर तालुक्याच्या ठिकाणी उत्पादन शुल्क विभागाच्या माणसाला विचारून घ्या.

आता मूळ दारूविषयी. साखरपट्ट्यात एक मोह असतो, तो म्हणजे ओळखीतून मिळालेलं ‘डिस्टिलरीचं स्पिरिट’. कॅनमध्ये येतं, स्वस्त असतं आणि देणारा छातीठोकपणे ‘एकदम शुद्ध’ म्हणतो. त्याला हात लावू नका. औद्योगिक स्पिरिटात ते कुणी पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी द्रव्यं मिसळलेली असू शकतात. त्यातलं मिथेनॉल रंगाने, वासाने ओळखू येत नाही, आणि दालचिनी, लिंबू, कोळसा, फडकं यातल्या कशानेही निघत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. हातभट्टीच्या दारूत मसाला टाकून ती ‘सुधारण्याचा’ प्रकार तर याहून वाईट, कारण मसाल्याने फक्त सावध करणारा वास झाकला जातो. पिऊन काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं, उलट्या झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तर लिंबूपाणी देत बसू नका. गाडी काढा आणि थेट मोठा दवाखाना गाठा.

बाटलीच्या लेबलवर ४२.८ टक्के असा आकडा दिसतो. तो आपल्या कामाला अगदी योग्य आहे. लवंगेचं, दालचिनीचं, वेलचीचं तेल नुसत्या पाण्यात नीट उतरत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. फळांचा रंग आणि आंबटपणा उतरायला मात्र पाणीही हवं. या दारूत निम्म्याहून थोडं जास्त पाणी आणि बाकी अल्कोहोल, त्यामुळे दोन्ही कामं होतात. बिअर किंवा वाइनमध्ये मसाला आठवडाभर मुरवायला जाऊ नका, तेवढ्या कमी अल्कोहोलवर ती बिघडते. देशी संत्राही नको, तिच्यात आधीच भरलेला वास तुमच्या वेलचीला डोकं वर काढू देत नाही.

नाजूक गोष्टींना, म्हणजे गवती चहा, तुळस, लिंबाची साल, गुलाब, यांना साधी व्होडका घ्यावी. आलं, दालचिनी, संत्र्याची साल, मसाला वेलची यांना काळी रम. मनुका, जायफळ, लवंग हे ब्रँडीला शोभतात. महागडी बाटली घेऊ नका. पिंपात वर्षानुवर्षं मुरलेल्या व्हिस्कीत लवंग टाकणं म्हणजे पैसे देऊन आणलेला स्वाद पुसून टाकणं आहे. पण अगदी तळातली, घशाला ओरखडे काढणारीही नको, कारण मसाल्याने तो खरखरीतपणा जात नाही.

हा प्रकार आपल्या शेजारी जुना आहे. गोव्यात अनंतमुळाला दुकशिरी म्हणतात. त्याची वाळलेली मुळी काजूच्या किंवा माडाच्या फेणीत टाकून ठेवायची, की फेणीला तांबूस रंग आणि गोडसर, मातीचा वास चढतो. त्याला दुकशिरी फेणी म्हणतात. फेणीचा मूळ वास इतका उग्र की तिच्यापुढे टिकणारी मुळीच निवडली गेली, ही त्यातली अक्कल. राजस्थानात केसर-कस्तुरीसारख्या संस्थानी दारूंमध्ये मसाले ऊर्ध्वपातनाच्या आधीच घालत असत. आज त्या दारू तिथली गंगानगर शुगर मिल्स ही सरकारी कंपनी काढते. साखर कारखान्याच्या नावाने मसाल्याची दारू विकली जाते, हे आपल्याकडच्या वाचकाला गंमतीचं वाटेल. आपण मात्र भट्टीकडे न जाता गोव्याची रीत घेणार आहोत.

पद्धत सोपी आहे, आणि सोपी असल्यामुळेच लोक ती बिघडवतात. पहिल्यांदा करणारा माणूस एका बरणीत अख्खा खडा मसाला ओततो: लवंग, दालचिनी, चक्रीफूल, मिरी, वेलची, तमालपत्र, वर आल्याचा तुकडा. आठ दिवसांनी जे निघतं ते दाताच्या औषधासारखं लागतं. सगळं लवंग आणि चक्रीफुलाने खाल्लेलं असतं आणि वेलची कुठे गेली ते कळत नाही. कारण उघड आहे. प्रत्येक जिन्नस आपल्या वेळेने उतरतो. लवंगेतलं तेल पहिल्या रात्रीतच बाहेर येतं, दालचिनीच्या सालीला दिवस लागतात. दोघींना एका बरणीत कोंडलं, तर दालचिनी तयार होईपर्यंत लवंग कडू झालेली असते. म्हणून माझा आग्रह एकच: एका बाटलीत एकच जिन्नस. मिसळायचं ते नंतर, पेल्यात किंवा शेवटच्या बाटलीत, मापाने. काळा मसाला करताना आपल्या घरच्या बायका प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात आणि मगच एकत्र कुटतात. इथेही तसंच करायचं.

त्यासाठी १८० मिलीची क्वार्टर हे उत्तम माप आहे. एखादी बिघडली तरी नुकसान थोडं. जिन्नस काचेच्या बरणीत घालायचा आणि वरून दारू ओतायची. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावी. लोणच्याची जुनी बरणी नको, हिंगाचा आणि मोहरीचा वास काचेतून गेला तरी झाकणातून जात नाही. प्लॅस्टिक नको, विशेषतः लिंबू-संत्र्याच्या सालीसाठी, कारण सालीचं तेल काही प्रकारच्या प्लॅस्टिकला खातं. तांब्या-पितळेचं भांडं आंबट फळांसाठी घातक आहे. बरणीवर कागद चिकटवून जिन्नस, वजन, तारीख आणि वेळ लिहा. वेळ लिहिणं महत्त्वाचं, कारण काही जिन्नस तासांवर चालतात.

आता मापं. ही सगळी १८० मिलीला आहेत, आणि ती सुरुवात म्हणून घ्या, तुमचा मसाला ताजा असेल तर वेळ आणखी कमी लागेल. लवंग फक्त ३, आणि एक रात्र, सकाळी काढून टाकायची. चक्रीफूल अर्धं, तेही एका रात्रीपुरतं. हिरवी वेलची ४, टरफलासकट ठेचून, दीड ते दोन दिवस. मसाला वेलची एक पुरे, एक दिवस, ती धुरावर वाळवलेली असल्याने रमला चुलीजवळचा वास देते. काळी मिरी ८-१० दाणे, जेमतेम फोडून, दोन दिवस. दालचिनीचा बोटभर तुकडा चार दिवस. आलं १५ ग्रॅम, धुऊन, पातळ चकत्या करून, तीन दिवस. आलं किसू नका, नंतर गाळताना नाकी नऊ येतात. हिरवी मिरची हवी असेल तर एकच, उभी चिरून, आणि दर अर्ध्या तासाने थेंबभर चाखत राहायचं. दोन तासांत ती पुरेशी होते आणि रात्रभर राहिली तर बाटली फेकावी लागते. केशराच्या दहा-बारा काड्यांना काही तास पुरतात.

पाल्याचं गणित वेगळं आहे. गवती चहाची तीन-चार पाती कात्रीने कापून दोन दिवस ठेवावीत, त्यापुढे गवताचा वास येऊ लागतो. तुळशीची आठ-दहा पानं अर्धा दिवस, पुदिना त्याहून कमी. पानं चुरगळून टाकली की हिरवा रंग पटकन येतो आणि काही दिवसांत तपकिरी होतो. ते बिघडणं नव्हे, पानातल्या हिरव्या रंगाचं ते नैसर्गिक रूपांतर आहे. पण दिसायला उदास दिसतं खरं. म्हणून पानं अख्खी टाका, पाण्याने धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवून. कागदी लिंबाची किंवा मोसंबीची साल चार-पाच दिवस ठेवली की फार सुंदर उतरते, पण सालीखालचा पांढरा थर सुरीने काढायला हवा. कडूपणा तिथे असतो. वाळा दोन ग्रॅम, एक दिवस, उन्हाळ्यात सोड्याबरोबर. अनंतमूळ पाच ग्रॅम, आठवडाभर, तेही विश्वासाच्या काष्ठौषधीच्या दुकानातूनच, कारण सुकलेली मुळी कोणती हे आपल्याला डोळ्यांनी सांगता येत नाही.

दगडफुलावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण ते आपल्या मसाल्यातलं सर्वांत दुर्लक्षित रत्न आहे. झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारं ते शेवाळासारखं, पण खरं तर बुरशी आणि शैवाल एकत्र नांदणारं. कोरडं हुंगलं तर फारसा वास येत नाही, तेलात पडलं की येतो. दारूतही तसंच होतं. चिमूटभर दगडफूल काळ्या रममध्ये सहा-सात तास ठेवलं तर पावसाने भिजलेल्या लाकडासारखी खोल, किंचित धुरकट चव येते. त्यात माती आणि कचरा फार असतो, तेव्हा आधी निवडून, धुऊन, सुकवून घ्या. कोकणातलं तिरफळ मिळालं तर त्याच्या काळ्या बिया काढून नुसती चार-पाच टरफलं व्होडकात दिवसभर ठेवा. जीभ जराशी झिणझिणते आणि लिंबाचा वास मागे राहतो. माशाबरोबर हे फार जमतं, भिगवणला उजनीचे मासे खायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

फळांकडे येऊ. इंदापूरचं डाळिंब, पेरू आणि द्राक्षं घरात असताना बाहेरचं सरबत कशाला आणायचं? डाळिंबाचे १५० ग्रॅम दाणे, पांढरा पापुद्रा एकही न ठेवता, ३७५ मिली व्होडकात दहा दिवस ठेवावेत. दाणे चिरडायचे नाहीत, बीचा तुरटपणा येतो. पेरू पिकलेला पण घट्ट घ्यावा, चकत्या करून चार-पाच दिवस. पेरूची दारू थोडी गढूळच राहते, ते फळातल्या पेक्टिनमुळे. फळ पाण्याने भरलेलं असतं, त्यामुळे दारू पातळ होते. वरच्या मापात डाळिंबाचं सगळं पाणी उतरलं तरी अल्कोहोल ३० टक्क्यांच्या वर राहतं, ते सुरक्षित आहे. बरणी फळांनी काठोकाठ भरून वर थोडी दारू घातली तर मात्र ते २० टक्क्यांच्या खाली घसरू शकतं आणि मग आंबणं-बिघडणं सुरू होतं. फळ नेहमी दारूत बुडालेलं हवं, वर तरंगणाऱ्या तुकड्यावर बुरशी धरते.

फवारणीचं शेतकऱ्याला सांगायला नको, पण दारूच्या संदर्भात सांगायला हवं. डाळिंब आणि द्राक्ष ही भरपूर फवारली जाणारी पिकं. पाण्याने न सुटणारे काही अंश अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, म्हणजे आपण सालीचा स्वाद काढतो तेव्हा सालीवरचं औषधही काढतो. फवारणी आणि काढणी यांतला ठरलेला काळ पाळलेल्या बागेतलंच फळ घ्या, स्वतःच्या बागेतलं असेल तर वही बघून. बाजारातल्या चकचकीत मेणचट लिंबा-संत्र्याची साल नको. हाराचे गुलाब तर कधीच नकोत. ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांच्यावर काय मारलं आहे हे कुणी विचारत नाही.

काही वनस्पतींना हातच लावायचा नाही. धोतरा, कण्हेर, पिवळी बिट्टी, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया, बांधावरची बेशरम. यांतल्या काही थोड्या प्रमाणातही माणूस मारतात. वेखंड लहान मुलांच्या गुटीतलं म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण त्यातल्या एका घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे. दारूत तर ते भरपूर उतरेल. जायफळ सुरीने खरवडून चिमूटभर, अख्खं कधीही नाही. जास्त झालं तर भ्रम, धडधड, उलट्या होतात. ज्येष्ठमध गोडीला छान, पण रक्तदाब असलेल्याने टाळावं. तंबाखू टाकून ‘किक’ वाढवणारे महाभाग असतात, निकोटीन अल्कोहोलमध्ये फार लवकर उतरतं आणि ते विष आहे. भांग, गांजा यांचं नावही नको. झाड ओळखीचं नसेल, तर रानात कुणी दाखवलं म्हणून तोडू नका.

इथेच ‘औषधी दारू’चा विषय निघतो. अश्वगंधा, शतावरी, शिलाजित रममध्ये टाकून ‘ताकदीची’ बाटली करणारे गावोगाव आहेत. द्राक्षासव आणि दशमूलारिष्टातही अल्कोहोल असतोच की, असा त्यांचा युक्तिवाद. असतो, पण तो धायटीची फुलं घालून आंबवताना त्यातच तयार झालेला, थोडा, आणि डोस चमच्यांचा. आपण करतो ती चव आहे, औषध नाही. मधुमेहाच्या, झोपेच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर अशी बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, आणि गरोदर बाईसाठी, यकृताच्या आजाऱ्यासाठी कुठलीच दारू नको.

बारामतीचा उन्हाळा हा या कामातला खरा शत्रू. ४२.८ टक्के दारूची वाफ साधारण २६ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी होते. म्हणजे चैत्र-वैशाखात दुपारी उघडलेली बरणी गॅसजवळ ठेवणं हे पेट्रोल ठेवण्याच्या जातीचं आहे. स्वाद लवकर उतरावा म्हणून दारू कधीही गरम करू नये, कुकरमध्ये नाही, पातेल्यात नाही, उन्हातही नाही. बरणी अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवा, धान्याच्या कोठीमागे चालेल, देवघराजवळ घरच्यांना चालणार नाही. मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा हवी, कारण डाळिंबाची लाल बरणी सरबतासारखीच दिसते.

वेळ झाली की जिन्नस काढा आणि धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळ पिळू नका, पिळला की कडूपणा आणि गढूळपणा दोन्ही खाली येतात. पाणी घातल्यावर दारू दुधाळ झाली तर घाबरू नका. अल्कोहोलमध्ये विरघळलेलं तेल पाणी वाढल्यावर बारीक थेंबांनी बाहेर येतं, चक्रीफूल आणि बडीशेपेत हे हमखास दिसतं. उलट न झाकलेली, आंबूस वास येणारी, तार धरलेली बाटली सरळ ओतून द्या.

गोड हवं असेल तर पाक शेवटी घालायचा. साखर आणि पाणी समान, उकळून, पूर्ण थंड करून. हिशेब असा: ७५० मिली दारूत २५० मिली पाक मिसळला की ४२.८ चं ३२ टक्के होतं. गोडीमुळे ती हलकी वाटते, पण आत तेवढीच असते. लक्षात ठेवायला एक आकडा: ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, मग ती कोरी असो, कोलात असो किंवा वेलचीची असो. रमला साखरेपेक्षा गूळ शोभतो. गुऱ्हाळातला गडद गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घ्यावा. खारटपणा किंचित असतो, आल्याच्या रमला तोच हवा.

गाळलेल्या लहान बाटल्या समोर ठेवून मिसळण्याचा खेळ मग सुरू होतो. चमच्याने मोजा आणि लिहून ठेवा. मला आवडलेला एक मेळ असा: दालचिनीची रम चार भाग, आल्याची दोन, दगडफुलाची एक, लवंगेची पाव. लवंग वाढवायचा मोह होईल, आवरा. उन्हाळ्यासाठी गवती चहाची व्होडका दोन भाग, लिंबाच्या सालीची एक, भरपूर सोडा आणि बर्फ. मिरीची व्होडका पेरूच्या दारूबरोबर, काठाला मीठ. सुक्या मसाल्यांच्या गाळलेल्या बाटल्या वर्षभर राहतात, फळांच्या तीन-चार महिन्यांत संपवाव्यात आणि पाक घातलेल्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

पौष-माघात इंदापूरकडे हुरड्याची आमंत्रणं सुरू होतात आणि सूर्य कलला की शेतावर बोचरी थंडी पडते. तेव्हा पेल्यात आल्याची रम ३० मिली, गुळाचा पाक एक चमचा, अर्धं लिंबू, आणि वरून गरम पाणी. गरम पाणी पेल्यात ओतायचं, रम शेकोटीवर चढवायची नाही. शेवटी मिरीच्या बाटलीतले दोन थेंब. परत गाडी चालवणाऱ्याला हेच सगळं, रम आणि ते दोन थेंब वगळून, आल्याच्या चार चकत्या त्या गरम पाण्यात उकळून.